गाडीमोजणीचे सात दिवस

आमच्या किनाऱ्यावर मूल जन्माला येतं तेच एक डोळा बारीक करून. सुईण नाळ कापायच्या आत ते तिच्याकडे 'हिला कोणी धाडलं?' अशा नजरेनं बघतं. खोटं वाटत असेल तर मालवणात उतरून कुणालाही विचारा, "बाबा, किती वाजले?" तो हातातल्या घड्याळाकडे न बघता आधी तुमच्याकडे बघेल आणि म्हणेल, "कित्याक?" म्हणजे, कशाला हवंय?

अशा मुलखात सरकारतर्फे मोजदाद करायची नोकरी मी पत्करली होती. आता सांगा, माझ्याइतका शूर माणूस सह्याद्रीच्या अलीकडे दुसरा होता का?

तेव्हा आमचा भाग रत्नागिरी जिल्ह्यात होता आणि मी रस्ते-पुलांच्या खात्यात मस्टरवरचा मुकादम होतो. मस्टरवरचा म्हणजे हंगामी. काम असेल तोवर नाव, काम संपलं की नावावर रेघ. खात्याची कामं दरसाल तीच आणि त्याच क्रमानं. पाऊस उघडला की रस्त्याचे खड्डे भरायचे, मैलांच्या दगडांना चुना फासायचा, ओढ्यांवरच्या साकवांच्या कुजलेल्या फळ्या बदलायच्या, रस्त्याखालच्या मोऱ्यांतला गाळ काढायचा. एका वर्षी मोरीतून एक लांबडं जनावर निघालं. डोकं सकाळी न्याहारीच्या वेळी बाहेर आलं, शेपूट यायला दुपार झाली. मी स्वतः बघितलंय. बरोबरचे चार गडी पळाले म्हणून साक्षीदार नाही, एवढंच.

आणि माघ सरला की गाडीमोजणी. ठरवून दिलेल्या रस्त्यावर सात दिवस बसायचं आणि जाणारी-येणारी प्रत्येक गाडी वहीत रेघ मारून नोंदवायची. वहीला रकाने होते: बैलगाडी, सायकल, मोटार, इतर. छापील हुकमात मोजणी रात्रंदिवस करावी असं होतं, पण कंदिलाचं तेल मंजूर नव्हतं, म्हणून आमच्याकडे दिवस तेवढा मोजायचे. ज्या रस्त्यावर वाहतूक जास्त, त्याचं काम आधी. ज्यावर कमी, त्याला पुढल्या वर्षी या म्हणायचं. सगळा हिशेब इतका सरळ होता, आणि माझ्या मते तिथेच घोटाळा झाला. आमच्या लोकांना सरळ गोष्टीची भारी भीती.

त्या वर्षी डेप्युटी इंजिनियर साहेब नवे आले होते. घाटावरचे. अंगानं काटकुळे, पण संशयानं चांगले गलेलठ्ठ. चहा आला की आधी कपाखालची बशी उलटी करून बघायचे. मला बोलावून म्हणाले, "मुकादम, गेल्या तीन वर्षांच्या वह्या बघितल्या. सोमवारी बारा गाड्या, मंगळवारी बारा, बुधवारी बारा. बैल काय कवायत करतात काय? यंदा मोजणी खरी पाहिजे. मी येऊन पडताळणार. खरी निघाली तर तुझं नाव कायम करायला वर पाठवतो. खोटी निघाली, तर शिमग्याला तू घरी."

कायम! तो शब्द ऐकून माझ्या कानात ढोल वाजले. कारण आईचा एक चुलतभाऊ, म्हणजे नात्यानं माझा मामा, त्याची मुलगी मला द्यायची बोलणी दोन वर्षं तुंबलेली होती, ती ह्याच एका शब्दापाशी. मामा दर वेळी म्हणायचा, "भाच्या, हंगामी माणसाक हंगामी बायल मेळतली. कायमची होयी तर कायम हो."

आणि मोजणीचा रस्ता मिळाला तो नेमका मामाच्या गावचा! गाव समुद्राला लागून, मालवणच्या बाजारापासून चार-साडेचार मैलांवर. बाजाराकडे जाणारा एकच रस्ता, तांबड्या मातीचा, टेंबाच्या टेकडीला वळसा घालून जाणारा. मधे एक व्हाळ, म्हणजे ओढा. पावसाळ्यात तो व्हाळ रस्ता गिळायचा आणि गाव तीन महिने बेट व्हायचं. गावात पंधरा-सोळा घरी बैलगाड्या. दोन खुद्द मामाच्या. गाडीवाल्यांत त्याचा शब्द शेवटचा.

मी व्हाळाजवळ माडाच्या झापांचं छप्पर घातलं, एक खोका बसायला घेतला आणि अमावास्येच्या दिवशी सकाळी सहाला वही मांडीवर घेऊन बसलो.

पहिली आली ती माशांची पाटी डोक्यावर घेतलेली एक म्हातारी. उभी राहिली. माझ्याकडे बघितलं, वहीकडे बघितलं.

"काय रे, काय लिवतंस?"

"गाडये मोजतंय, आजये."

"माका लिवलंस?"

"तुमका कसा लिवतलंय? तुमका चाकां खंय आसत?"

"मगे माज्याकडे बगून पेन्सिल कित्याक हलयलंस?" असं म्हणून ती जी मागे फिरली, ती शेताच्या बांधावरून गेली. तासाभरात गावभर झालं की सरकारचा माणूस व्हाळावर बसून जाणाऱ्या-येणाऱ्याला लिहून घेतोय.

दुपारी मामा आला. हातात काठी, कानामागे विडी. छपराभोवती एक फेरी मारली, मागून वाकून बघितलं, जणू मी आतमध्ये आणखी दोन सरकारी माणसं लपवून ठेवली होती.

"भाच्या, खरां सांग. पट्टी बसतली मां?"

"पट्टी नाय ओ मामा! गाडये जास्त दिसले तर हयसर मोरी बांधतले. रस्तो पक्को करतले. उद्या एसटी येतली तुमच्या दारात."

"दारात?"

"दारात."

"फुकट?"

"फुकट."

इथेच मी मार खाल्ला. आमच्या माणसाला 'फुकट' म्हटलं की तो खिसा घट्ट धरतो. मामानं विडी पेटवली. "माझ्या बापाशीच्या वेळार सरकारान माड मोजले. मगे माडार पट्टी इली. मगे कोंबडये मोजले. पट्टी नाय इली, पण साहेब इलो नि कोंबडये गेले. आता गाडये. आणि वर तू म्हणतंस एसटी फुकट. भाच्या, गळाक मासो लागाचो म्हणान आधी आमिष लावतत, ह्या माका शिकवतंस?"

"मामा, माझी नोकरी ह्येच्यारच आसा! मोजणी बरी झाली तरच माका कायम करतत."

"गाडये आमचे. तुका कायम करूक आमचे गाडये कित्याक होये?" असं म्हणून तो निघाला. जाताना खोक्याखाली वाकून बघायला विसरला नाही.

त्या दिवशी वहीत दोन रेघा पडल्या. पोस्टमनची सायकल जाताना आणि येताना. दुसऱ्या दिवशी दोन, त्याच पोस्टमनच्या. तिसऱ्या दिवशी दोन. पोस्टमन खुद्द सरकारी नोकर, पण त्यालाही धीर धरवेना. सायकल थांबवून म्हणाला, "माका जाताना एक नि येताना एक लिवतंस? म्हणजे कागदार दोन पोस्टमन झाले. उद्या एकाक काढून टाकतले, तो मी नाय कशावरून?" चौथ्या दिवसापासून तो सायकल खांद्यावर घेऊन माझ्यासमोरून चालत जायला लागला. ते कुठल्या रकान्यात लिहायचं, हे कुठल्याच हुकमात नव्हतं.

बैलगाडी? एक नाही! चार दिवस तांबडा रस्ता असा पडून होता की घार येऊन त्यावर पंख पसरून निजली असती. मला वाटलं, गावानं बाजारच सोडला. पण बाजारातून येणारे सांगत होते, तुमच्या गावचे नारळ आलेत, चिरे आलेत, सुकी मासळी आलीय. म्हणजे गाड्या जात होत्या! कुठून? माझं डोकं फिरायला लागलं. रस्त्यासमोर एक बांगड्यांचा कासार दोन दिवस येऊन बसला होता. मी ठरवलं, हा साहेबांचा हेर. त्याला चहा पाजला, पान दिलं, कारण नसताना साहेबांची तारीफ केली. तिसऱ्या दिवशी तो पेटी उचलून पळाला. मागाहून कळलं, मी एवढा गोड बोलतोय म्हणजे मी पोलीस, अशी त्याची खात्री पटली होती.

मी संध्याकाळी सहाला वही मिटून मामाकडे जेवायला जायचो. मामी वाढायची आणि प्रत्येक घासाला विचारायची, "आज कितके झाले?" मी "शून्य" म्हटलं की आतल्या खोलीत कोणीतरी फसकन हसायचं. ती मामाची मुलगी. तिच्याशी मी आयुष्यात तोपर्यंत सहा वाक्यं बोललो होतो, त्यातली चार पावसाबद्दल.

चौथ्या दिवशी हात धुवायला अंगणात गेलो आणि मामाच्या गाडीपाशी थबकलो. आमच्या तांबड्या रस्त्यावरून गेलेल्या गाडीची चाकं कुंकवानं माखल्यासारखी लाल असतात. वर्षभर धुतली तरी लाली जात नाही. मामाच्या चाकांची लोखंडी धाव मात्र घासलेल्या ताटासारखी लखलखत होती. त्यात मी स्वतःचं तोंड बघितलं. अगदी बावळट दिसलं. बैलांच्या खुरांवर पांढरं मीठ सुकलेलं.

वाळू! हे लोक सुकतीच्या वेळी, समुद्र मागे गेला की, ओल्या घट्ट वाळूवरून सरळ मालवण गाठत होते, आणि पुढच्या सुकतीला परत. चार मैल किनारा, ना धोंडा ना खड्डा, आणि ना तिथे खोक्यावर बसलेला भाचा.

 वहीत शून्य ठेवलं तर साहेब म्हणणार, हा झोपला. आकडे ठोकून दिले तर साहेब पडताळणार. आणि वाळूची गोष्ट सांगितली, तर मामा म्हणणार, ह्यानं पुढारी होऊन सरकार घरात आणलं, आणि मुलगी जाईल दुसऱ्या कुणा कायम माणसाच्या घरी. तीन वाटा आणि तिन्हींच्या टोकाला खड्डा. मी पाचवा दिवस तसाच काढला. पेन्सिलीचं टोक चावून चावून संपवलं.

सहाव्या दिवशी, पंचमीला, साडेनवाच्या सुमाराला खात्याची जीप आली. साहेबांनी वही उघडली. पाचही दिवसांचं पान कोरं, फक्त सायकलच्या रकान्यात पहिल्या तीन दिवसांच्या सहा रेघा.  छत्री घेऊन रस्त्यावर चालू लागले, खाली वाकून बघत. फर्लांगभर जाऊन परत आले.

"मुकादम, रस्त्यावर शेण नाही."

"नाही, साहेब."

"चाकोरीत पाचोळा साचलाय. म्हणजे गाड्या खरंच गेल्या नाहीत. म्हणजे तू झोपला नाहीस." मी सुटकेचा श्वास घेणार, तेवढ्यात म्हणाले, "म्हणजे तू त्यांना अडवलंस! का अडवलंस?"

हा माणूस खरं बघूनही त्यातून खोटं काढायचा. मी काही बोलायच्या आत जीप टेंबावर चढली, 'वरून बघू' म्हणून. आणि वरून जे दिसायचं ते दिसलं. खाली निळा समुद्र दूर मागे गेलेला, चकचकीत ओली वाळू, आणि तिच्यावर एकामागे एक बैलगाड्या, पंढरीला दिंडी निघावी तशा.

"ते काय?"

"गाड्या, साहेब."

"मला दिसतंय. कुणाच्या?"

मी टोपी काढून डोकं खाजवलं. जीप सुरूच्या झाडांमधून खाली उतरली आणि वाळूवर गाड्यांच्या आडवी जाऊन उभी राहिली. सगळ्यांत पुढची गाडी मामाची, चिऱ्यांनी गच्च भरलेली. मामानं मला जीपमध्ये बघितलं आणि त्याचा चेहरा असा झाला की मी जीपच्या आसनाखाली शिरलो असतो, पण तिथे छत्री होती.

"गाड्या रस्ता सोडून इकडून का जातात?" साहेबांनी विचारलं.

मामानं टोपी सरळ केली. सरकारापुढे बोलायची शुद्ध भाषा त्याच्याकडे होती, सणावारी काढण्यासाठी ठेवलेली. "साहेब, ह्या गाड्या नाहीत. बैलांचे पाय सुजतात. म्हणून आम्ही त्यांना समुद्राच्या पाण्यात फिरवतो. औषध आहे ते."

"आणि गाडीत चिरे?"

"वजन लागतं, साहेब. नाहीतर बैल पोहत पोहत बाहेर जातात. गेल्या वर्षी एक जोडी थेट गोव्याच्या वेशीवर, रेडीला लागली."

मागच्या गाडीवाल्यांनी माना डोलावल्या. "होय, होय! रेडीक!" अशी थाप मी सुद्धा मारली नसती. त्या क्षणी मला मामाचा अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू!

साहेब चिडले. प्रत्येक गाडीपाशी जाऊन चौकशी. तुझे बैल आजारी? तुझेही? सगळ्यांचे? अर्धा तास गेला, तास गेला. ओल्या वाळूची एक रीत आहे: चालता राहा, ती तुम्हाला उचलून धरते, उभे राहा, ती तुम्हाला खाते. गाडीवाल्यांना हे ठाऊक होतं, म्हणून ते बैलांना जागच्या जागी पुढे-मागे करत होते. घाटावरच्या साहेबांना ठाऊक नव्हतं आणि त्यांच्या जीपला तर मुळीच नाही. ड्रायव्हर ओरडला तेव्हा मागची चाकं अर्धी आत गेली होती आणि भरतीची पहिली जीभ पुढच्या चाकांना चाटत होती.

साहेबांचा रंग उतरला. खात्याची जीप समुद्रात! ड्रायव्हरनं इंजिन रेटलं, तशी ती आणखी खाली बसली. लाट गुडघ्याला आली. साहेब पहिल्यांदाच माझ्याकडे संशयाशिवाय बघत म्हणाले, "मुकादम, काहीतरी कर."

मी मामाकडे धावलो. मामा चिऱ्यांवर बसून शांतपणे विडी ओढत होता.

"मामा, बैल जुपा मां!"

"कित्याक? आमचे बैल आजारी."

"मामा!"

तो खाली वाकला. आवाज खाली आणला. "आता खरां सांग. ह्या मोजून पट्टी बसतली काय नाय?"

मी तोंड उघडलं. मोरी, पक्का रस्ता, दारात एसटी, सगळं जिभेवर होतं. पण घाम पुसता पुसता तोंडातून भलतंच आलं. "माका म्हायत नाय, मामा. वहयेत लिवतंय, वही वर जाता. वर काय करतत, ता माका कोणी आजवर सांगूक नाय. कदाचित मोरी येयत, कदाचित पट्टी येयत. कदाचित कायच येवचा नाय."

मामानं विडी समुद्रात फेकली.  "पाच दिवसांत पयल्यांदा खरां बोललंस," म्हणाला. आणि उभा राहून अशी हाळी दिली की सुरूच्या बनातले कावळे एका दमात उडाले. "जुपा रे बैल! चिरे उतरवा! साहेबाची गाडी समुद्र खातलो!"

मग जे झालं ते मी शंभर वेळा सांगितलंय आणि दर वेळी थोडं वाढलंय, म्हणून आज आवरतं घेतो. तेवीस गाड्या होत्या. तेवीस जोड्या बैल, एकापुढे एक, काथ्याच्या दोरांनी बांधलेले. मामा सर्वांत पुढे. जीप बाहेर आली ती नुसती निघाली नाही, उडाली. सुरूच्या बनापर्यंत सरपटत गेली, आणि ड्रायव्हर आतच बसून देवाचं नाव घेत होता.

साहेब कोरड्यावर आले, पायांतले बूट काढून पाणी ओतलं. मग, माणूस शेवटी साहेबच, वही मागितली.

"किती जोड्या होत्या?"

"तेवीस, साहेब."

"लिही. बैलगाड्या तेवीस." मी लिहिलं. "आणि अमावास्येपासूनचे पाच दिवस?"

 मी मामाकडे बघितलं नाही. मागायचं काहीच उरलं नव्हतं. तो न बोलता निघून गेला असता तरी मी त्याला दोष दिला नसता.

मामा पुढे आला. शुद्ध भाषा त्यानं आता घरी ठेवली होती. "माझे दोन. रोज. जाताना दोन, येताना दोन. दुसऱ्यांचा मी सांगूचंय नाय, तेंका इचारा." आणि मागे वळून बाकीच्यांकडे असं बघितलं की एकेक जण पुढे येऊन आपापला आकडा सांगू लागला. काहींनी एक कमी सांगितला, सवयीनं. साहेब प्रत्येकाला दोनदा विचारत होते, मी रेघा मारत होतो. एक वेळ अशी आली की रकाना संपला आणि मी 'इतर'मध्ये शिरलो.

वर्षअखेरीला हुकूम आला. मी तो धुतलेल्या सदऱ्याच्या खिशात घालून मामाकडे गेलो. मामानं कागद उन्हाला धरून आरपार बघितला. उलटा केला. शिक्क्यावरून अंगठा फिरवला, शाई निघते का बघितलं. मग शेजारच्या मास्तरांना बोलावून वाचून घेतला, आणि मास्तर गेल्यावर, ते काही गाळून वाचले असतील म्हणून, स्वतः अक्षर अक्षर लावून पुन्हा वाचला.

"हंगामी लिवलेला खंय दिसना नाय," तो अखेर म्हणाला, जरा नाराजीनंच. मग आत बघून हाक मारली, "गो, गूळ-पाणी हाड."

ती बाहेर आली. तांब्या माझ्या हातात दिला नाही. आधी बापाच्या हातातला कागद बघितला, मग माझ्याकडे.

"कायम म्हणजे कितक्या वर्सांचा?" तिनं विचारलं.

"पंचावन्न पुरी होयसर," मी म्हटलं.

"आणि मगे?"

"मगे पेन्शन."

तिनं डोळा बारीक करून थोडा विचार केला, मनात कसलातरी हिशेब जुळवला, आणि तांब्या पुढे केला. "घेवा," म्हणाली. "पाणी थंड आसा."